बाबांची खेप

१

"कागदाच्या ड्रायव्हरवर आपल्या वाय लुनचं नाव घातलं होतं, हे पुईच्या कानावर जाता कामा नये. नवी आहे ती. उगाच डोक्यात घेऊन बसेल."

माझी नणंद लाय चान मागच्या अंगणात मुगाच्या मोडांच्या शेपट्या खुडत होती, आणि खुडता खुडता हे सासूबाईंना सांगत होती. पुई म्हणजे मी, आणि वाय लुन माझा नवरा. मी भिंतीच्या अलीकडे, मोरीत टॉवेल पिळत होते. त्या भिंतीला वरच्या अंगाला जाळीच्या विटा आहेत. सासरची माणसं ओळखायला वर्ष लागतं म्हणतात. भिंती ओळखायला आठवडा पुरतो.

"मी कशाला सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "तूच तोंड आवर. दुकानात तूच म्हणालीस, बाबांना त्याचाच हात लागतो म्हणून."

"म्हणाले मी. पण लिहा म्हणालीस तू."

मग बराच वेळ नुसता शेपट्या खुडल्याचा आवाज. टक, टक.

सासरे मार्चमध्ये गेले. त्यांना मी आता बाबा म्हणते, ते होते तेव्हा अंकल म्हणायचे. आम्हा चिनी लोकांत घरात कोणी गेलं की ठरलेलं लग्न शंभर दिवसांच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आम्ही एक्याण्णवाव्या दिवशी उरकलं. सत्तावीस टेबलांची मेजवानी अकरा टेबलांवर आली. लाल पोशाखातले माझे फोटो ज्या भिंतीपुढे काढले, तिच्यावरचा बाबांचा फोटो अर्धा तास खाली उतरवून ठेवला होता. खिळा तेवढा फोटोंत आलाय.

एकोणपन्नासाव्या दिवशी, बाबांना तिकडे मिळाव्यात म्हणून, कागदाच्या वस्तू जाळल्या, तेव्हा मी नव्हते. लग्न ठरलेल्या मुलीनं तिथे जायचं नसतं. फोनमधले फोटो मात्र पाहिले होते. दुमजली कागदी घर, दोन मोलकरणी, टीव्ही आणि छातीइतकी उंच काळी मर्सिडीज. तिला पुढेमागे आमच्याच गाडीचा नंबर, एकेबी ३८८३. बाबा परक्या गाडीत बसायचे नाहीत, म्हणून सासूबाईंनी तो हट्टानं घालून घेतला होता. स्टिअरिंगमागे टोपी घातलेला कागदाचा ड्रायव्हर, पांढरे हातमोजे चाकाला खळीनं चिकटवलेले. अशा प्रत्येक कागदी नोकराच्या छातीवर नावाची पट्टी असते, नाहीतर तिकडे त्याला हाक कशी मारणार? एरवी दुकानदार कोणाचंच नसलेलं एखादं नाव टाकून देतो.

मला तेव्हा काय वाटलं? काही नाही. कागद तो कागद. टॉवेल पिळून झाला होता, तो मी आणखी एकदा पिळला.

२

बाबांनी चाळीस वर्षं लॉरी चालवली, मग तीन लॉऱ्या घेतल्या, आणि सहासष्टाव्या वर्षी त्या विकून ही मर्सिडीज घेतली तोवर डोळे गेले होते. स्वतःची गाडी त्यांनी कधी चालवलीच नाही. मागच्या सीटवर डावीकडे बसायचे आणि वाय लुन चालवायचा. दुसऱ्या कोणी ब्रेक मारला तर त्यांची दाढ दुखायची म्हणे. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. फरशीच्या कंपनीतली वाय लुनची नोकरी त्यातच गेली.

म्हणजे लग्न झालं तेव्हा घरात एक मर्सिडीज होती आणि नोकरी कोणालाच नव्हती.

"विकून टाका," लाय चान म्हणाली.

"माझ्या अंगावरचं सोनं विक," सासूबाई म्हणाल्या. "गाडीचं नाव काढायचं नाही."

तेव्हा वाय लुननं ती टॅक्सीच्या ॲपवर लावली. महागड्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो तिथे. हॉटेलांतून, खाजगी दवाखान्यांतून, रेल्वे स्टेशनावरून लोक बोलावतात. साध्या गाडीच्या तिप्पट भाडं देतात आणि दार उघडून मिळावं अशी अपेक्षा ठेवतात. वाय लुन पांढरा शर्ट घालायचा. पहिल्या दिवशी सराव म्हणून त्यानं मलाच बाजारात नेलं. दार उघडलं, कमरेत वाकला, मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, एसी ठीक आहे ना? गाणी लावू, की सासूबाईंचं रेकॉर्डिंग लावू?"

मी हसले. तो मान मागे वळवून माझ्याकडे बघत हसत राहिला, इतका की मागचा लॉरीवाला हॉर्न मारायला लागला. लग्न झाल्यापासून आमची खरी भेट तीच, असं मला वाटतं.

"मान वळवून गाडी चालवतोस? बाबा काही म्हणायचे नाहीत?"

"बाबांकडे मान वळवायची सोयच नव्हती. मागून टपली यायची."

मी डावीकडे बसले होते. बाजारात उतरताना त्यानं सहज सांगितलं, "पुढच्या वेळी उजवीकडे बस हं." का, ते मी विचारलं नाही. नव्या सुनेनं विचारायच्या प्रश्नांचा कोटा असतो. माझा स्वयंपाकघरातच संपायचा.

३

त्या गाडीची दारं जड आहेत. लागताना धप्प असा गुबगुबीत आवाज येतो. घरात कुठेही असले तरी मला तो ऐकू यायचा. दुपारी दोनला वाय लुन जेवायला आणि पडायला घरी यायचा, तेव्हा दोन दारं वाजायची. आधी मागचं, मग पुढचं.

"मागून न्याहारीचा डबा काढतोस ना, त्याचा आवाज," मी आपणहोऊनच म्हणाले.

"हं," तो म्हणाला.

एका गुरुवारी डबा घरीच राहिला होता. ओट्यावर माझ्यासमोर होता. धप्प. धप्प.

मी मनाशी म्हटलं, पाण्याची बाटली असेल.

मग त्या लोकांच्या नोंदी. प्रवासी उतरल्यावर ॲपवर चांदण्या देतात आणि वाटलं तर दोन ओळी लिहितात. त्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. दुपारी जेवताना मी वाचायची आणि सगळे ऐकायचे. आधी चांगलं चाललं होतं. गाडी स्वच्छ, ड्रायव्हर गमत्या. ऑगस्टमध्ये गमत्या हा शब्द गेला. "ड्रायव्हर अदबशीर, शांत." "ड्रायव्हर पूर्ण प्रवासात एकदाही मान वळवत नाही. सुरक्षित वाटलं." एका बाईनं लिहिलं होतं, "मी नाव घेऊन हाक मारली तरी वळला नाही. बहिरा असल्यास तसं लिहावं."

आणि एक नोंद मी वाचायला घेतली आणि गिळली. "मागे आधीच एक आजोबा बसले होते. पैसे अख्ख्या गाडीचे घेता, तर गाडी अख्खी द्या."

"थांबलीस का?" लाय चाननं विचारलं.

"काही नाही. चांदण्या तीनच दिल्यात."

"जळतात मेले," सासूबाई म्हणाल्या, आणि वाय लुनच्या ताटात माशाचा गालाकडचा तुकडा घातला. "आज कुठे कुठे गेलास रे?"

"हॉटेलवरून स्टेशन. स्टेशनावरून नवा दवाखाना. मग तिथून कोणालातरी विमानतळावर." तो समोर बघत चावत होता. "मग बाबांची खेप. मग घरी."

तिघींच्या जेवायच्या काड्या थांबल्या.

"कसली खेप?" लाय चान म्हणाली.

"अं? काही म्हणालो का मी?"

"जेव तू," सासूबाई म्हणाल्या. "गार होतंय."

संध्याकाळी गाडी पुसायला घेतली तेव्हा मी किलोमीटरचा आकडा पाहिला. ॲपवरच्या सगळ्या खेपा जुळवल्या. बेचाळीस किलोमीटर जास्त निघाले. दुसऱ्या दिवशी पाहिले. बेचाळीस. एखाद्याचं दुसरीकडे कुठे लफडं असतं तर आकडा थोडा तरी कमीजास्त झाला असता. खरं सांगायचं तर आधी माझ्या मनात तेच आलं होतं, आणि तसंच निघावं असं मला वाटत होतं. त्यावर निदान भांडता आलं असतं.

४

आमची खोली घराच्या पश्चिमेला आहे. दुपारी ऊन थेट पलंगावर येतं, म्हणून पडदा ओढून घेतात. वाय लुन दोन तास त्या पिवळट अंधारात उताणा पडायचा. हात पोटावर नसायचे. जरा वर, कोपरात वाकवलेले, काहीतरी धरल्यासारखे.

मी शेजारी आडवी व्हायचे. पूर्वी तो पलंगावर पडला की गादी दबायची आणि मी आपोआप त्याच्याकडे घरंगळायचे. त्यावर आमचा एक विनोद होता, तो इथे लिहिण्यासारखा नाही. आता गादी दबत नव्हती. बारीक झालाय, मी म्हटलं. वडील गेले, उन्हात दिवसभर गाडी, माणूस बारीक होणारच. घामही येत नव्हता. एसीत बसतो, कुठून येणार घाम? पाण्याची बाटली सकाळी भरून द्यायचे ती भरलेलीच परत यायची. डबा मात्र रिकामा यायचा. तो कोण खातं, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही.

एकदा त्यानं कूस बदलली तेव्हा आवाज झाला. कोरी चादर घडी मोडताना होतो तसा. मी चादर बदलली. धुऊन धुऊन मऊ झालेली, माहेरून आणलेली घातली. आवाज तोच.

"वाय लुन."

काही नाही.

"बाबांच्या खेपेला रस्ता कुठला घेतोस?"

हे मी इतकं सहज विचारलं की माझंच मला आश्चर्य वाटलं. भाजी काय आणू, अशा सुरात.

तो छताकडे बघत म्हणाला, "सरळच आहे रस्ता. सिग्नल नाहीत. दोन्ही बाजूंना डोंगर, पण सावली पडत नाही त्यांची."

"बाबा काही बोलतात?"

"बाबा गाडीत कुठे बोलायचे? नुसते बसतात. टपली मारत नाहीत आता. मान सरळ असते ना माझी."

"मग नको जाऊस. एक दिवस नको जाऊस."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. कोरडा, गुळगुळीत, ना गरम ना गार. त्याला वास होता. लहानपणी शाळेत चित्रं चिकटवायला तांदळाची खळ शिजवायचो, तो वास.

"मॅडम," तो छताला म्हणाला, "एसी ठीक आहे ना?"

मी ठीक आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

५

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि लाय चान जुन्या बाजारात कॉफी प्यायला बसलो होतो. सकाळचे साडेदहा. पंखा, कपबशांचा आवाज, शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे घोड्यांच्या शर्यतीवरून भांडत होते. समोर चौकातला सिग्नल.

"अगं, आपली गाडी," लाय चान म्हणाली.

सिग्नलला गाडी थांबली होती, आमच्याकडे बाजू करून. एकेबी ३८८३. काचा वर, पण ऊन पलीकडून पडत होतं, त्यामुळे आरपार दिसत होतं. मागच्या डाव्या सीटची काच आमच्याकडे होती. मी तिकडे बघायचं टाळलं. मी पुढे बघितलं, वाय लुनसाठी.

स्टिअरिंग दिसलं. सीट दिसली, सीटचं डोकं टेकायचं उशीसारखं ते दिसलं, आणि त्याच्या पलीकडे चौकातली फळांची गाडी दिसली, तिच्यावर मांडलेली पोमेलो दिसली. मध्ये उभी एक रेघ होती. पांढरी. दाराच्या फटीतून दिसते ना, तेवढी.

सिग्नल सुटला. गाडी आमच्या दिशेनं वळली, आणि वळता वळता ती रेघ रुंद होत गेली. तिचा खांदा झाला, गाल झाला, आणि समोर आला तेव्हा तो वाय लुन होता. पांढरा शर्ट, हनुवटीवरचा तीळ, सगळं जागच्या जागी. आमच्या अंगावरून गेला. वळून बघितलं नाही.

काचेवर ऊन होतं. काचेवर ऊन असलं की काहीही दिसतं.

लाय चाननं कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर. कॉफी टेबलावरून तिच्या मांडीपर्यंत गेली तरी ती हलली नाही.

"ताई, भाजलं का?"

"नाही." तिनं माझ्याकडे बघितलं. "तू काही..."

ती बोलेल असं वाटलं. तिलाही वाटलं असावं, मी बोलेन. म्हातारे आपले घोड्यांवरून भांडत होते.

"चल," ती म्हणाली. "आई वाट बघत असेल."

६

दोनच दिवसांनी सासूबाईंनी मला सोबत घेतलं. बाबांचा वाढदिवस जवळ आला होता, गेल्यानंतरचा पहिला. त्यासाठी कागदाच्या वस्तू आणायच्या होत्या. वाय लुननंच आम्हाला सोडलं आणि तो गाडीतच थांबला. मी उजवीकडे बसले होते, सासूबाई पुढे, लाय चान मागे मध्यभागी. ती अंगानं भरलेली आहे. तरी मध्यभागीच बसली.

फूककाकांचं दुकान म्हणजे नुसता कागद. छतापासून टांगलेले कागदी शर्ट, कागदी चपला, डबीत घातलेल्या कागदी कवळ्या. पंखा लावत नाहीत. काका बांबूच्या कामट्या तासत बसले होते.

"या वहिनी. यंदा काय पाठवायचं दादांना? मसाजची खुर्ची आलीय नवीन. रिमोटसकट."

"ड्रायव्हर हवाय," सासूबाई म्हणाल्या.

"ड्रायव्हर दिला होता की गाडीबरोबर. काय झालं, काम नीट करत नाही?"

लाय चान मध्येच म्हणाली, "काका, गाडी नको, घर नको. एकटा ड्रायव्हर."

"एकटा? ठीक आहे. आधीच्याला सुट्टी द्यायची म्हणा. समोरच्या हॉटेलच्या वॉचमनसारखं. नवा आला की जुना घरी." काकांनी वहीत लिहायला घेतलं. "नाव?"

सासूबाई माझ्याकडे बघून थांबल्या. मी कागदी मोबाईल बघायला लागले. त्यांच्याबरोबर चार्जरही होता, कागदाचा.

"कोणाचंही नाही असं नाव," सासूबाई हळू म्हणाल्या. "आपल्यात, शेजारीपाजारी, कोणाचंच नाही असं."

"आ शेंग लिहू? गेल्या वर्षभरात मला एकही आ शेंग भेटला नाही. सगळी पोरं आता जेसन आणि केल्विन झालीत."

"आ शेंग," सासूबाईंनी म्हणून बघितलं. "चालेल."

"आणि गाडीचा नंबर सांगा. नाहीतर कुठे जाईल बिचारा? तिकडे काय एकच मर्सिडीज आहे? नंबर दिला की सरळ गाडीपाशी जाऊन उभा राहतो."

"एकेबी," सासूबाई म्हणाल्या, "अडतीस त्र्याऐंशी."

काकांनी तो ब्रशनं लिहिला. शाई वाळायला पट्टी दारात धरली. दारातून रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या कडेला आमची गाडी. मी पट्टीवरचा नंबर वाचला आणि गाडीवरचा नंबर वाचला. त्यात काही चूक नव्हती. तोच नंबर होता. तिकडची गाडी कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. ही पंधरा पावलांवर होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, छोटंच होतं. आई, या नंबरची गाडी तर बाहेर उभी आहे. पण मग मला सगळं माहीत आहे हेही सांगावं लागलं असतं. मोरीतली भिंत, किलोमीटर, रेघ, सगळंच. सासूबाई पाकीट उघडत होत्या. त्यांच्या तोंडावर कित्येक दिवसांत नव्हती अशी उमेद होती. मी मोबाईल जागेवर ठेवला.

"सूनबाईंना काही हवंय?" काकांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं.

७

देऊळ डोंगराच्या पोटात आहे. आमच्याकडचे डोंगर चुन्याचे, पांढरे, उभे कापल्यासारखे. पायथ्याशी गुहा, गुहेत देव, बाहेर अंगणात कागद जाळायची भट्टी. गाड्या भिंतीपलीकडे लावायच्या.

सकाळचे दहा वाजले होते. ऊन स्वच्छ होतं.

"तू येत नाहीस?" सासूबाईंनी वाय लुनला विचारलं. "बाबांचा वाढदिवस आहे."

"मी गाडीत थांबतो," तो समोर बघत म्हणाला. "ड्रायव्हर गाडीत थांबतो, मॅडम."

आईला मॅडम म्हणाला. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि देवळापर्यंत सोडला नाही.

आ शेंग कमरेइतका उंच होता. गुलाबी गाल, छापील हसू, काळी टोपी, पांढरे हातमोजे. हात पुढे, कोपरात वाकवलेले, काहीतरी धरायला तयार. मान बांबूच्या कामटीवर बसवलेली होती, त्यामुळे वारा आला की जराशी वळायची. छातीवर पट्टी. आम्ही संत्री ठेवली, भाजलेलं डुकराचं मांस ठेवलं, बाबांना आवडायचे ते तिळाचे लाडू ठेवले. उदबत्त्या लावल्या. मग सासूबाईंनी आ शेंगला दोन्ही हातांनी उचललं, लहान मुलाला न्हाणीघरात नेतात तसं, आणि भट्टीच्या तोंडात उभं केलं.

"अहो," त्या मोठ्यानं म्हणाल्या. बाबांना ऐकायला कमी यायचं. "हा आ शेंग. चांगला चालवतो. ब्रेक हळू मारतो. याला ठेवून घ्या आणि आमच्या पोराला सुट्टी द्या. चूक माझी झाली. तुम्ही एकटे पडाल असं वाटलं, म्हणून केलं. आता सोडा त्याला."

लाय चान रडायला लागली. सासूबाईंना ठाऊक होतं की मी ऐकतेय. आता त्यांना त्याची पर्वा नव्हती.

कागद जळतो तो खालून वर. पाय गेले, कोट गेला, पट्टी गेली. हातमोजे बराच वेळ राहिले. चेहरा शेवटी गेला. कामटी तडकली, आणि जाता जाता त्यानं मान वळवली, भिंतीकडे, जिथे गाड्या लावल्या होत्या तिकडे. उष्णतेनं कामटी वळते. बांबू आहे तो.

भिंतीपलीकडून आवाज आला. धप्प. जरा थांबून, धप्प.

"ऐकलंस?" सासूबाईंनी लाय चानला गच्च धरलं. "ऐकलंस ना? उतरला. सुटला माझा पोरगा. पुई, जा तू पुढे. तुझं तोंड पहिलं दिसू दे त्याला. जा बाई."

मी गेले. पळाले नाही. चालत गेले.

गाडी होती तिथेच होती. इंजिन चालू होतं. वाय लुन स्टिअरिंगमागे बसला होता, हात चाकावर. आधी मी मागे बघितलं, तो आत असताना इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट बघितलं. डावीकडची सीट रिकामी होती. नेहमी तिथे कातड्याला मध्ये एक खळगा असायचा, बाबांच्या बैठकीचा. मी रोज पुसताना तो बघत होते, आणि तो कधी भरून आला नव्हता. आता सीट वर आली होती, फुगून सपाट, कोरी. कोणीतरी उठून गेल्यासारखी. दाराजवळ जमिनीवर पांढऱ्या मातीत पावलांचे दोन जोड होते. एक म्हाताऱ्याच्या चपलांचा, घासत गेलेला. एक बुटांचा, त्याच्या शेजारून, हात धरून नेताना पडतात तसा. दहाएक पावलं डोंगराच्या दिशेनं गेली होती. पुढे सगळा दगड होता.

बूट ओळखीचे होते. मीच रोज पॉलिश करत होते.

मी पुढच्या डाव्या खिडकीपाशी आले. काच थोडी खाली होती.

"वाय लुन."

तो समोर बघत राहिला. मी आणखी एकदा हाक मारली, मोठ्यानं. मग टकटक केलं. एसीचा आवाज असेल, म्हटलं. ऊन डोळ्यावर असेल. मी त्याची बायको आहे, मी घाई करता कामा नये. हनुवटीवरचा तीळ होता. शर्टाची कॉलर मी इस्त्री केलेली होती. गालावर, कधी नव्हे ती, थोडी गुलाबी झाक होती.

मला एक गोष्ट करून बघायची होती आणि करायची नव्हती. शेवटी मी केली, पण अगदी हळू, आधीच्या दोन्ही हाकांपेक्षा हळू. वाऱ्याला ऐकू जाईल एवढी.

"आ शेंग."

त्यानं मान वळवली. पूर्ण वळवली, सहज. हसला. चांगलं हसू होतं, जागच्या जागी.

"मॅडम," तो म्हणाला. "एसी ठीक आहे ना?"

मागून सासूबाई येत होत्या, लाय चानच्या आधारानं, डोळे पुसत. उरलेली संत्री त्यांनी पदराआड धरावीत तशी पोटाशी धरली होती. एक सोललेलं होतं, त्याच्यासाठी.

"वळला!" सासूबाई लांबूनच म्हणाल्या. "बघ, लाय चान, मान वळवली त्यानं. मी बघितलं. पुई, हसला ना तो? बोलला ना? काय म्हणाला?"

त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. सोललेल्या संत्र्याचा रस सासूबाईंच्या मनगटावरून ओघळत होता. मी मागचं डावं दार उघडून धरलं. आता तिथे कोणीही बसायला हरकत नव्हती.

"चला आई, बसा," मी म्हटलं. "आ शेंग खोळंबलाय."